राजीनामा देण्यापूर्वी

डिलाईल रोड, मुंबई

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा कोल्हापूरहून आलेल्या गृहस्थांनी चाळीच्या जिन्यात, चार माणसांसमक्ष सांगितले की, तू ड्रॉइंग मास्तरकीचा राजीनामा लिहून ठेवला आहेस आणि ‘पोरांचे हात वळवता वळवता माझा हात मेला’ असे बोलून दाखवतोस. राजीनाम्याचे मला तितके भय नाही. परंतु गणपतीनंतर तू रंगांची पेटी उघडलेलीच नाहीस, हे खरे काय?

ज्या गावी बसून तू हे बोललास, त्याच गावी 1867 साली महादेव विश्वनाथ धुरंधर जन्मले. 1890 साली ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून शिरले, तेथेच शिक्षक झाले आणि पहिल्यांदाच हिंदी माणसाच्या वाट्याला आलेली डायरेक्टरची खुर्ची भूषवून 1931 साली निवृत्त झाले. 1895 साली त्यांच्या ‘आलीस का लक्ष्मी’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, तो उमेदीचा काळ होता असे तू म्हणशील, म्हणून पुढले सांगतो. रॉथफील्डसाहेबांच्या हिंदी स्त्रियांवरील ग्रंथाची चित्रे, घरोघर पोचलेली पोस्टकार्डे आणि साठी उलटल्यावर नव्या दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रे, हे सारे हजेरीपट सांभाळून झाले. त्यांनी आत्मचरित्राला नावही त्या कलामंदिरातील एकेचाळीस वर्षांचेच दिले. मास्तरकीने हात मरत असता, तर त्यांचा केव्हाच मरायला हवा होता.

मला वाटते, नवख्या पोराची रेषा दुरुस्त करावयाची, तर ती कोठे आणि का ढळली हे आधी आपल्या डोळ्यांना कळावे लागते. प्लास्टरच्या मुखवट्यावर उजेड कोठे संपतो ते त्याला दाखविताना आपणही ते नव्याने पाहतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तीच ती स्मरणचित्रे तपासून तुला वीट येत असेल, हे मी समजू शकतो. पण त्या विटाचे खापर पोरांवर फोडून पेटीला कुलूप लावणे, हा कोठला न्याय?

तुझे आजोबा गेले तेव्हा मी जे. जे.त दुसऱ्या वर्षाला होतो, हे ताईने तुला सांगितले असेल. घर चालविणे प्राप्त होते, म्हणून गिरणीच्या डिझाइन खात्यात लागलो आणि लुगड्यांच्या किनारी काढण्यात हयात गेली. पोटाला मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. खेद एवढाच की, मला जे थोडेबहुत येत होते ते शिकायला समोर एकही मूल कधी बसले नाही. तुझ्यासमोर वर्गच्या वर्ग बसतो, आणि तू त्याच्याकडे पाठ फिरवून निघालास, हे ऐकून त्या रात्री मला झोप लागली नाही.

रागाने लिहिले गेले. ताईला दाखवू नकोस. नोकरी नकोच असेल तर सोड, माझ्या घरी तुला कोणी जाब विचारणार नाही. निदान दिवाळीच्या सुट्टीत ये. आमच्या गॅलरीत सकाळी उत्तरेचा चांगला उजेड असतो; मामी ट्रंका हलवून तुला जागा करून देईल आणि मी म्हणशील तितका वेळ समोर बसेन. पोर्ट्रेट साधले नाही तर दुसरे कर. मात्र पेटी बरोबर आण.

रंगांसाठी पंधरा रुपयांची मनिऑर्डर केली आहे, ती परत पाठवू नये. तुला खोकला झाल्याचेही कळले. रात्री पंचगंगेच्या घाटावर उशिरापर्यंत बसत जाऊ नकोस, आणि बसलासच तर गळ्याला मफलर गुंडाळ.

तुझा,
मामा