पोको एफ1मध्ये लिनिएजओएस टाकण्याची कृती

ऑगस्ट 2018 मध्ये आलेल्या पोको एफ1चा स्नॅपड्रॅगन 845 प्रोसेसर रोजच्या वापराला आजही पुरतो. कंपनीची अपडेट्स मात्र अँड्रॉइड 10 वरच थांबली. त्यामुळे फोन अडखळतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. यावर एक उपाय म्हणजे लिनिएजओएस. 2016 च्या अखेरीस सायनोजेनमॉड बंद पडलं आणि त्यातून स्वयंसेवकांची ही मोफत सिस्टीम उभी राहिली. फोन बनवणाऱ्या कंपनीचा तिच्याशी संबंध नाही, म्हणून जे होईल ते आपल्या जबाबदारीवर. अशी सिस्टीम, म्हणजे ‘रॉम’, टाकायला फार वेळ लागत नाही. फोन बिघडतात ते बहुधा पायऱ्यांचा क्रम चुकल्यामुळे.

आधी ठरवा: बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा, कुलूपबंद असलेला भाग) उघडला की फोनमधलं सगळं पुसलं जातं. नंतर बँकेची किंवा यूपीआयची काही अ‍ॅप्स चालायला नकार देऊ शकतात. घरात हा एकच फोन असेल तर हा उद्योग नको.

साहित्य: विंडोजचा संगणक, डेटा वाहून नेणारी चांगली केबल (नुसत्या चार्जिंगची नव्हे), गुगलची प्लॅटफॉर्म टूल्स, शाओमीचं मी अनलॉक टूल आणि निम्म्याहून जास्त चार्ज असलेला फोन. या फोनचं सांकेतिक नाव ‘बेरिलियम’. रिकव्हरी आणि रॉम, दोन्ही फायली त्याच नावाच्या हव्यात. गुगलची अ‍ॅप्स हवी असतील तर त्यांचं पॅकेजही रॉमच्याच आवृत्तीचं घ्या. रॉमसाठी आधीचं फर्मवेअर कोणतं लागतं, तेही वाचून ठेवा.

कृती

1. फोटो, संपर्क आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप फोनबाहेर काढा. बॅकअपमधला एखादा फोटो संगणकावर उघडून बघा. मग स्क्रीन लॉक आणि गुगल खातं काढून टाका.

2. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खालच्या मीयूआय आवृत्तीवर सात वेळा टिचकी मारा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथे ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डीबगिंग चालू करा.

3. सिमचा डेटा चालू ठेवून ‘मी अनलॉक स्टेटस’मध्ये मी खातं जोडा. आता थांबायचं, बहुधा 168 तास. मधेच खातं पुन्हा जोडू नका, नाहीतर मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

4. मुदत संपली की फोन बंद करा. आवाज कमी करण्याचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून फास्टबूटमध्ये जा. केबल जोडून मी अनलॉक टूल चालवा.

5. संगणकावर कमांड विंडो उघडा. आदेश इंग्रजीत, स्मॉल अक्षरांत टाइप करायचे. पहिला आदेश ‘फास्टबूट डिव्हायसेस’. फोनचा क्रमांक उमटला तरच पुढे जा. नाही उमटला तर केबल बदला, यूएसबी 2.0 चं पोर्ट वापरा किंवा ड्रायव्हर तपासा.

6. ‘फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी’ लिहून पुढे रिकव्हरी फाइलचं नाव द्या. काम झालं की फोन नेहमीसारखा सुरू होऊ देऊ नका. तसा तो झाला, तर जुनी सिस्टीम आपली रिकव्हरी परत बसवते. म्हणून आवाज वाढवण्याचं बटण आणि पॉवर दाबून थेट नव्या रिकव्हरीत शिरा.

7. ‘फॅक्टरी रीसेट’मधून डेटा फॉरमॅट करा. ही पायरी गाळली तर जुन्या सिस्टीमचा एन्क्रिप्ट केलेला डेटा तसाच राहतो आणि नवी सिस्टीम लोगोवरच अडकू शकते.

8. ‘अप्लाय अपडेट’मधून ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’ निवडा. संगणकावर ‘एडीबी साइडलोड’ लिहून पुढे रॉमच्या झिप फाइलचं नाव द्या. कधीकधी संगणकावरचा आकडा 47 टक्क्यांवर थांबतो आणि ‘फेल्ड’ व ‘सक्सेस’ हे दोन्ही शब्द एकाच ओळीत दिसतात. अशा वेळी केबल ओढू नका. फोनच्या पडद्यावर बघा. तिथे काम यशस्वी झाल्याचं लिहिलं असेल तर ते झालेलंच आहे.

9. गुगलची अ‍ॅप्स आत्ताच, फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधी, त्याच पद्धतीने टाका. सही पटत नसल्याचा इशारा येईल. पॅकेजवर लिनिएजची सही नसते, म्हणून तो येणारच, ‘येस’ म्हणा.

10. आता रीबूट करा. पहिल्या वेळी पंधरा मिनिटंही लागू शकतात. तेवढा वेळ पॉवर बटणाला हात लावू नका.

अडकलात तर: फोन लोगोवरच घुटमळत असेल, पण फास्टबूटमध्ये जात असेल, तर तो बहुधा वाचवता येतो. सातव्या पायरीपासून पुन्हा करा. तरीही जमलं नाही तर बेरिलियमचा मूळ फास्टबूट रॉम मी फ्लॅश टूलने टाका. तिथे खाली ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो. तो बदलून नुसतं ‘क्लीन ऑल’ करा. लॉक करताना फोनमध्ये चुकीचा किंवा दुसऱ्या देशासाठीचा रॉम असेल, तर फोन कायमचा ब्रिक, म्हणजे निकामी, होण्याची भीती असते. लिनिएजओएस असतानाही बूटलोडर पुन्हा लॉक करू नका.