गप्प बसली म्हणजे भीती गेली नव्हे

भित्र्या कुत्र्याची शांतता फार फसवी असते. भुरी माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या घरच्यांनी अगदी मनापासून सांगितलं होतं, "ट्रेनिंग झालंय तिचं. आता भुंकत नाही की गुरगुरत नाही. एकदम गरीब आहे." ते खोटं बोलत नव्हते. ती खरोखरच भुंकत नव्हती. सोफ्यामागे भिंतीला पाठ लावून बसायची. कुणी जवळ गेलं की मान वळवायची, जीभ झटकन नाकावरून फिरवायची, झोप आलेली नसताना जांभया द्यायची. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायचं. ही सगळी "लांब राहा" अशी विनवणी असते. ती कुणी वाचली नाही, म्हणून आधीच्या घरी तिने एका पाहुण्याचा हात धरला, आणि "काही कारण नसताना चावली" म्हणून तिला घर सोडावं लागलं.

कारण होतं. पिल्लू असल्यापासून ती पुण्याबाहेरच्या एका गोदामाच्या फाटकाशी साखळीला बांधलेली. पिल्लाच्या आयुष्यातला साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाची ओळख करून घेण्याचा असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हे पक्कं माहीत आहे. त्या आठवड्यांत मुलं, म्हातारी माणसं, छत्री, झाडू, लिफ्ट, कुकरची शिट्टी हे काहीच वाट्याला आलं नाही, तर पुढे यातली प्रत्येक गोष्ट संकटासारखी वाटते. म्हणून नवं पिल्लू आणलेल्यांना माझं सांगणं आहे की लसी पूर्ण होईपर्यंत त्याला घरात कोंडून ठेवू नका. रस्त्यावर सोडायचं नसेल तर कडेवर घेऊन गॅलरीत, गेटपाशी, भाजीवाल्याजवळ उभे राहा.

भुरीची ती वेळ निघून गेली होती. त्यात तिला नेलं एका प्रशिक्षकाकडे. गळ्यात आवळणारी साखळी घालून त्याने तिला आठवडी बाजाराच्या गर्दीत उभं केलं आणि गुरगुरली की हिसका दिला. "सवय होईल" हे त्यामागचं शास्त्र. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग अशा वेळी आठवतो. ज्या कुत्र्यांना चुकवताच येणार नाहीत असे विजेचे झटके दिले होते, त्यांतली बरीचशी पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही जागची हलली नाहीत. ती सुधारली नव्हती, त्यांनी आशा सोडली होती. बाजारात गप्प उभ्या राहिलेल्या भुरीचंही तेच झालं. वर हिसक्यांमुळे गुरगुरणं बंद झालं. गुरगुरणं ही कुत्र्याची सभ्य सूचना आहे. ती मारून टाकली की उरतो थेट दात. आपलं कुत्रं गुरगुरलं तर ओरडू नका, दोन पावलं मागे व्हा, आणि ते कशाला घाबरलं ते शोधा.

"आपण मालक आहोत हे त्याला दाखवावं लागतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ही कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली. तिला लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मीच यांनीच पुढे, १९९९ च्या लेखात, रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं असं कुटुंब असतं हे मांडलं. भुरीला धाक दाखवायची गरजच नव्हती, धाकानेच तर ती अर्धी झाली होती.

सुरुवातीला मी तिच्यावर काहीही लादलं नाही. कोपऱ्यात जुनी चादर, पाणी, ठरल्या वेळी जेवण. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, वाकून हात पुढे करायचा नाही. जवळ यायचं की नाही, ते तिने ठरवायचं. हा काळ कंटाळवाणा असतो, पण टाळता येत नाही.

मग कुकर. शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि इतक्या हळू आवाजात लावली की तिचा फक्त एक कान हलला. आवाज आला की लगेच उकडलेल्या चिकनचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. आवाज बंद, खाऊही बंद. इथे क्रम फार महत्त्वाचा. आधी शिट्टी, मग चिकन. उलटं केलंत तर चिकन दिसलं की आता काहीतरी भयंकर येणार, असं कुत्रं शिकतं आणि चिकनलाच घाबरू लागतं. आवाज वाढवायचा तो केसभर. शिट्टी झाल्यावर ती दचकण्याऐवजी माझ्या हाताकडे बघायला लागली, तेव्हा पुढची पायरी. "घाबरलेल्याला खाऊ दिला की भीती वाढते" हा गैरसमज आहे. भीती कुणी बक्षिसासाठी करत नसतं.

गेटवरच्या वॉचमनकाकांचंही तसंच. पार्किंगच्या टोकापासून ती त्यांना बघायची आणि खायची. माझं लक्ष तिच्या तोंडाकडे असायचं. एरवी ती ओठांनी अलगद तुकडा घेते. बोटांना दात लागले की समजायचं, अंतर कमी पडतंय. खाणं नाकारलं तर फारच जवळ आलो, निमूट मागे फिरायचं. एका दिवसात कुकर, पाहुणे आणि नखं कापणं असं सगळं आलं, तर सहन होणारी गोष्टही संध्याकाळी सहन होत नाही. अशा दिवशी धडा नाही. नुसता लांब दोर, छातीचा पट्टा, आणि मनसोक्त वास घेत फिरणं.

जपावं लागतं ते कुत्र्यांची आवड असलेल्या माणसांपासून. "मला काही करत नाही हो, मला कुत्री ओळखतात" म्हणत ती सरळ डोक्यावर हात ठेवायला येतात. त्यांच्या हातून खाऊही भरवू नये. भुकेपोटी कुत्रं जवळ येतं, तुकडा संपतो, आणि अनोळखी माणूस नाकासमोर आहे हे त्याला अचानक कळतं. चावे अशा वेळी बसतात. पाहुण्याने खाऊ कुत्र्याच्या मागे, लांब टाकावा. म्हणजे खाऊही मिळतो आणि अंतरही. तरीही कधी दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

तोंडाची जाळी ही शिक्षा नव्हे. टोपलीसारखी, जिच्यात कुत्रं जीभ काढून धापा टाकू शकतं, पाणी पिऊ शकतं, अशी घ्या. आत पनीर लावून धरा आणि त्यालाच तोंड घालू द्या. बक्कल लावायची घाई नको. भुरी आता जाळी दिसली की स्वतः पुढे येते, त्यामुळे दवाखान्यात डॉक्टरांनाही तिला नीट तपासता येतं. ती तपासणी हवीच. कान दुखत असेल, सांधे दुखत असतील, तर कितीही चिकन दिलंत तरी स्पर्शाची भीती जाणार नाही. काही कुत्र्यांना भीती कमी करणारं औषध लागतं. ते डॉक्टरांनी सुचवलं तर कमीपणा मानू नका.

दिवाळीचं मात्र आधीच बोलून ठेवा. नुसतं अंग सैल पाडणारं गुंगीचं औषध मागू नका. त्याने कुत्रं हालचाल करत नाही, आवाज मात्र सगळा ऐकू येतो आणि आतली भीती तशीच राहते. भीती कमी करणारी वेगळी औषधं असतात, त्यांची मात्रा सणाआधी एखाद्या साध्या दिवशी देऊन बघावी लागते. फिरणं अंधार पडायच्या आत उरका. आतल्या खोलीत पंखा लावा, खिडक्या बंद करा, आणि कुत्रं तुम्हाला चिकटून बसलं तर बसू द्या. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर आहे ना, तोही एकदा बघून घ्या. फटाक्याला बिचकून सुटलेलं कुत्रं ओळखीच्या हाकेलाही थांबत नाही.