पासपोर्ट : एका शब्दाचे मूळ

परदेशी जाणाऱ्या प्रवाशाजवळ एक लहानशी पुस्तिका असावी लागते. तीत त्याचे नाव, जन्मतारीख, छायाचित्र व राष्ट्रीयत्व यांची नोंद असते. तिला इंग्रजीत 'पासपोर्ट' म्हणतात; मराठीत 'पारपत्र' हा शब्द रूढ आहे.

'पासपोर्ट' हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. तो इ. स. 1500 च्या सुमारास फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. फ्रेंचमध्ये 'पासे' म्हणजे ओलांडून जाणे व 'पॉर' म्हणजे बंदर. बंदर ओलांडण्याची मोकळीक देणारे पत्र ते 'पासपॉर'. काहींच्या मते यातील दुसरे पद बंदराचे नसून नगराच्या वेशीचे आहे. लॅटिन भाषेत बंदराला 'पोर्तुस' व वेशीला 'पोर्ता' म्हणत. हे दोन्ही शब्द 'पलीकडे जाणे' या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून निघाले. संस्कृतातील 'पारयति', म्हणजे 'पलीकडे नेतो', हे रूपही त्याच कुळातील आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा 'पासपोर्ट' आणि 'पारपत्र' हे शब्द दूरचे आप्तच म्हणावे लागतील!

पूर्वी असे पत्र ही राजाची कृपा असे. त्यावर राजाची मुद्रा असली, की परमुलखातही प्रवाशाला अभय मिळे. इंग्लंडमध्ये 1414 साली एक कायदा झाला. राजाने दिलेल्या अभयपत्राचा भंग करणे हा त्या कायद्याने राजद्रोह ठरला. आपल्याकडे अशा परवान्यास 'दस्तक' म्हणत. फारसीत 'दस्त' म्हणजे हात.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि देशोदेशींच्या सरहद्दींवर कडक तपासणी होऊ लागली. 1920 साली पॅरिस येथे राष्ट्रसंघाची परिषद भरली व तीत या पुस्तिकेचा एक सर्वसाधारण नमुना ठरला. परंतु ज्यांना स्वतःचा देशच उरला नव्हता, त्यांनी काय करावे? रशियातील क्रांतीनंतर लक्षावधी लोक परागंदा झाले होते. 1921 साली तेथील सरकारने त्यांतील बहुतेकांचे नागरिकत्व काढून घेतले. कोणत्याही राष्ट्राचे पत्र जवळ नसल्याने त्यांना कोणत्याही सरहद्दीवर प्रवेश मिळेना.

त्यांच्या साहाय्यास फ्रिट्यॉफ नान्सेन धावून आले. नॉर्वेच्या या धाडसी संशोधकाने 1888 साली ग्रीनलंडचे हिमाच्छादित पठार स्कीवरून ओलांडले होते. राष्ट्रसंघाने निर्वासितांचे काम त्यांच्याकडे सोपविले होते. त्यांच्या प्रयत्नाने 1922 साली निर्वासितांसाठी निराळे ओळखपत्र निघाले. ते 'नान्सेन पासपोर्ट' या नावाने प्रसिद्ध झाले. ज्यांना राष्ट्र नव्हते, त्यांनाही त्यामुळे वेशीपलीकडे पाऊल टाकता आले. त्याच वर्षी नान्सेन यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतातही पारपत्र देणे वा न देणे हे दीर्घकाळ शासनाच्या मर्जीवर अवलंबून होते. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हा संविधानाने दिलेल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. कायद्याच्या आधाराशिवाय ते कोणाकडूनही हिरावून घेता येणार नाही. त्याच वर्षी संसदेने पारपत्रांचा कायदा केला. पारपत्र कोणत्या कारणांनी नाकारता येईल, हे त्यात नमूद झाले. राजाच्या कृपेने मिळणारे पत्र अशा रीतीने नागरिकाच्या हक्काशी जोडले गेले.