सिंधूकाठची मुद्रा घरी कशी कोरावी

संग्रहालयात हडप्पा संस्कृतीची मुद्रा काचेआडून दिसते ती फक्त समोरून. एकशिंगी प्राणी, त्याच्यापुढे ठेवलेली कसलीशी घडवंची, वर चार-पाच चिन्हे. बघणारा चित्राला दाद देतो आणि पुढच्या कपाटाकडे वळतो. मुद्रेची पाठ, तिचे भोक आणि ओल्या मातीतला तिचा ठसा पाहिल्याशिवाय मात्र ती कशासाठी केली होती हे उमगत नाही. त्यासाठी एक मुद्रा स्वतः कोरून पाहावी. हात बरा असेल तर दोन रविवार पुरतात.

साहित्य

मुख्य वस्तू म्हणजे संगजिरे. दुकानात सोपस्टोन म्हणून मागा. इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात मोहेंजोदडो, हडप्पा, चान्हूदडो येथल्या कारागिरांनी बहुतेक मुद्रा याच दगडाच्या केल्या. तुकडा घेताना नखाने ओरखडून पाहा. ओरखडा उठला तर घ्या. मूर्तिकामासाठी येणारा काही माल बराच टणक असतो, त्यावर सुरुवात करू नका. याशिवाय हॅकसॉ, कानस, १२०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, हाताने फिरवायचे गिरमिट, दाभण, लिनोकटची बारीक हत्यारे, कंपासचे टोक, ट्रेसिंग पेपर, थोडी शाडू माती आणि सुतळी लागेल. नाकातोंडावर चांगला मास्क हवाच. या दगडाची पूड फुफ्फुसांना वाईट आणि काही खाणींच्या मालात ॲस्बेस्टॉसही असते. म्हणून कापणे, घासणे, कोरणे सगळे दगड ओला ठेवून करा आणि मुलांना कापायला बसवू नका.

कृती

१. खऱ्या चौकोनी मुद्रांची बाजू साधारण २ ते ४ सेंटिमीटर असते. आपण ३ सेंटिमीटर बाजूचा आणि २ सेंटिमीटर जाडीचा ठोकळा कापू. करवत सरळ चालली नाही तरी काळजी नको. जुन्या मुद्रांवरही करवतीचे माग दिसतात.

२. आता समोरची बाजू तशीच सोडून पाठीकडे वळा. इथे घाई करणारे फसतात. पाठीवर मधोमध घुंडी ठेवायची आहे: चारही बाजूंनी दगड उतरवत जा, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीची पाटी आणि तिच्यावर बुटकी गोल घुंडी उरेल. घुंडीच्या माथ्यावर कानशीच्या कडेने एक खाच पाडा. मग घुंडीत आरपार भोक पाडा, पण एकाच बाजूने नव्हे. अर्धे या बाजूने, अर्धे त्या बाजूने. एकाच बाजूने दामटले तर गिरमिट बाहेर पडताना टवका उडतो. या भोकातून दोरी ओवली जाई. घुंडी हा या रचनेतला कच्चा दुवा आहे. उत्खननात घुंडी तुटलेल्या मुद्रा पुष्कळ सापडतात. म्हणूनच घुंडी आधी करायची. कोरीव काम पूर्ण झाल्यावर ती तुटली तर सगळी मेहनत पाण्यात.

३. समोरची बाजू पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरवर गोल गोल फिरवून सपाट करा. १२० पासून सुरू करून ४०० वर थांबा.

४. नमुना निवडताना छायाचित्र मुद्रेचे आहे की ठशाचे, हे आधी ठरवा. पुस्तकांत दोन्ही छापतात आणि खुलासा नेहमी असतोच असे नाही. प्राणी खोल गेलेला दिसला तर ती मुद्रा, फुगीर दिसला तर ठसा. ठशाचे चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने गिरवा, कागद पालथा घालून दगडावर घासा, चित्र आपोआप उलटे उतरते. मुद्रेचे छायाचित्र असेल तर तीच रेघ कागदाच्या मागच्या बाजूनेही गिरवा आणि कागद पालथा न घालता घासा, म्हणजे चित्र सुलटे उतरते.

प्राणी कोणता घ्यावा? एकशिंगी सर्वांत जास्त मुद्रांवर आहे आणि नवख्याला तोच सोपा. वशिंडाचा बैल मोहक खरा, पण त्याच्या गळ्याच्या पोळीच्या घड्या कोरताना भल्याभल्यांचा हात थरथरतो. एकशिंगी म्हणजे बाजूने काढलेला साधा बैल, त्याचे दुसरे शिंग पहिल्याआड दडले आहे, असे काही अभ्यासकांचे म्हणणे. मला ते पटत नाही. एकच शिंग असलेल्या मातीच्या मूर्तीही सापडल्या आहेत आणि मातीच्या मूर्तीत शिंग दडवायला जागा नसते.

मजकुराबाबत मात्र कडक राहा. ही लिपी अजून वाचलेली नाही. इरावतम महादेवन यांनी १९७७ च्या आपल्या सूचीत ४१७ चिन्हे वेगळी काढली. सरासरी मजकूर पाचेक चिन्हांचा आणि एका बाजूवरचा सर्वांत लांब १७ चिन्हांचा. त्यामुळे चिन्हे जुळवून आपले नाव 'हडप्पाच्या लिपीत' लिहिण्याचा मोह टाळा. एखाद्या खऱ्या मुद्रेवरचा मजकूर जसाच्या तसा, त्याच क्रमाने उतरवा. ठशावर तो बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे जातो. काही ठशांत डाव्या टोकाला जागा संपून चिन्हे दाटलेली दिसतात, ती याची एक खूण.

५. कोरताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा: मुद्रेत जे खोल, ते ठशात उंच. दाभणाने आधी बाहेरची रेघ ओढून घ्या. मग पोट आणि खांदा लिनोच्या गोल हत्याराने खरवडा. सर्वांत खोल जागा इथली, सुमारे २ मिलिमीटर. पाय त्याहून उथळ. डोळा, मानेवरच्या वळ्या, शेपटीचा गोंडा कंपासच्या टोकाने अगदी शेवटी. चिन्हांची पट्टी प्राणी पूर्ण झाल्यावर घ्या. प्राणी कोरलेला, पण चिन्हांची जागा कोरीच, अशा अर्धवट मुद्रा मिळाल्या आहेत. जुन्या कारागिरांचा क्रमही तोच असावा.

दर दहा मिनिटांनी शाडूच्या गोळ्यावर दाबून पाहा. दगडावर डोळ्याला जे छान वाटते ते ठशात पुष्कळदा सपाट निघते. दिवा डोक्यावर न ठेवता एका बाजूला ठेवा, खोली कळते.

६. खरी करामत भट्टीची. नखाने ओरखडणारा हा दगड हडप्पाचे कारागीर अल्कलीयुक्त लेप देऊन भाजत. सुमारे १००० अंशांना त्यातले स्फटिकी पाणी निघून जाते, तो पांढरा आणि इतका टणक होतो की नखच काय, साधा खिळाही त्यावर सहज चालत नाही. मऊ असताना कोरायचे आणि मग कठीण करायचे, यासाठी योग्य दगड हेरणे ही मला त्या मुद्रेवरच्या चित्राहून मोठी विद्या वाटते. घरच्या गॅसवर हा प्रयोग मुळीच करू नका. गावात पॉटरी स्टुडिओ असेल तर त्यांच्या भट्टीत, अगदी हळूहळू तापवून, भाजून मिळते का विचारा. तुकडा तडकू शकतो, हे धरून चाला. न भाजलेली मुद्राही ठसा उत्तम देते.

७. आता मुद्रा कामाला लावा. कापडी पिशवीचे तोंड सुतळीने बांधा, गाठीवर शाडूचा गोळा चेपा, मुद्रेवर तेलाचा हलका हात फिरवा आणि दाबा. माती वाळल्यावर सुतळी कापून गोळा सोडवा आणि पालथा करा. कापडाची वीण, सुतळीचा पीळ, गाठ, सगळे मागे उमटलेले दिसेल. लोथलच्या वखारीत नेमके असे मातीचे ठसे सापडले. वखारीला आग लागली, त्यात ते भाजले गेले आणि टिकले. त्यांच्या पाठीवर कापड, चटई आणि दोरीच्या खुणा आहेत, म्हणजे माल बांधून मोहोरबंद होत होता. पुढे चित्र, मागे व्यापार.

दगड न मिळाल्यास

आपल्याकडचा नमुना घ्या. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी असलेल्या दायमाबादला उत्तर हडप्पा थरात भाजक्या मातीच्या, गुंडीच्या आकाराच्या दोन मुद्रा मिळाल्या, सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या. शाडूची जाड गुंडी वळा, ती चामड्यासारखी घट्ट झाली की दाभणाने दोन-तीन चिन्हे कोरा आणि सावलीत वाळवा. मुलांसाठी हीच कृती चांगली.

शेवटचे काम विसरू नका: पाठीवर, घुंडीच्या बाजूला, आपली आद्याक्षरे आणि चालू साल स्पष्ट कोरा. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमची मुद्रा चांगली जमली असेल आणि ती परदेशातल्या भाचीला भेट द्यायची असेल, तर विमानतळावर तेवढे साल दाखवता आले पाहिजे.