‘कॅच’ आणि आपले ‘धरणे’

इंग्रजी क्रियापदांचे अर्थ याद्या करून पाठ करावयाचे, हा मार्ग आपल्यापैकी बहुतेकांनी पत्करलेला आहे. ‘कॅच’ घ्या. गाइडात त्याच्यापुढे पकडणे, झेलणे, गाठणे, ऐकू येणे, पेट घेणे, आजार जडणे अशी रांगच लागते. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आपणच पहिले, त्यांची तर छातीच दडपते. मला वाटते, ही यादी मिटून ठेवावी आणि आधी शब्दाचे कूळ पाहावे.

‘कॅच’ मुळात इंग्रजी नव्हेच. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले; त्यानंतर उत्तर फ्रान्सच्या बोलीतून तो तेथे गेला. त्याच शब्दाचे मध्य फ्रान्सकडील रूप ‘चेस’ होऊन आले. दोघे सख्खे भाऊ! आरंभी ‘कॅच’चा अर्थही पाठलाग करणे असाच होता. पुढे वाटणी झाली : धावणे ‘चेस’कडे राहिले, हाती लागणे ‘कॅच’कडे गेले. आमच्या शेलू स्टेशनात जिना उतरत पळत लोकल गाठणारा माणूस अजून दोन्ही करतो, ही गोष्ट वेगळी.

इंग्रजीने एका शब्दावर भागवले, ते मराठीने अनेकांत वाटले आहे. वरून आलेला चेंडू आपण झेलतो, पळता चोर पकडतो, गाडी गाठतो आणि पहिल्या पावसात उल्हास नदीतून ओढ्यांना चढणारे वलगणीचे मासे धरतो. लाकूड ‘पेट घेते’ येथे दोन्ही भाषा जवळजवळ एकच बोलतात. सर्दीपाशी मात्र फाटा फुटतो. इंग्रज सर्दी ‘कॅच’ करतो, जणू ती पळून चालली होती! आपल्याला सर्दी होते, गारठ्याने पाठ धरते. धरणारा रोग, सापडणारे आपण. भाषांतरात अडते ते बहुधा येथेच. शब्दाला प्रतिशब्द असतो, पण वाक्याचा कर्ता बदललेला असतो.

आता ‘धरणे’ पाहा. माझी आजी शाळेत गेलेली नाही. पण पावसाने जोर धरला, वेलाने फळ धरले, पोराने हट्ट धरला, सुनेने अबोला धरला, हे तिच्या तोंडून एका सकाळीत ऐकावे. तिने यादी कोठे पाठ केली होती? शेजारचे नाम अर्थ सांगते. ‘कॅच’लाही हाच प्रश्न विचारावा : काय धरले, आणि कोणी?

या ‘धरणे’ने इंग्रजीलाही हात टेकायला लावले आहेत. पैसे वसूल होईपर्यंत ऋणकोच्या दारात उपाशी बसण्याची जुनी चाल होती. तिला धरणे धरणे म्हणत. असे बसून समोरच्याला दैवी कोपाचे भय घालणे १८६० च्या भारतीय दंड संहितेने गुन्हा ठरवले. २०२४ पर्यंत चाललेल्या त्या कायद्याच्या ५०८ व्या कलमाखाली उदाहरण दिले आहे. मजकूर सगळा इंग्रजी. त्यात ‘धरणे’ मात्र तसेच ठेवले आहे.