बुरशीच्या विषाशी सामना : हैदराबादकडे जाणारी करिअरची वाट

१९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात काविळीने थैमान घातले. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांतले अन्न खाणाऱ्या कुत्र्यांतही तीच लक्षणे दिसली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांना कारण सापडले ते रोजच्या खाण्यातल्या मक्यात. भिजलेल्या मक्यावर ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढली होती आणि तिने अफ्लाटॉक्सिन हे यकृतावर घाला घालणारे विष तयार केले होते.

हा धोका आजही संपलेला नाही. काढणीच्या आधी पावसाने ताण दिला की भुईमुगाच्या शेंगेत ही बुरशी शिरते. नीट न वाळवलेल्या मालात ती पोत्यातही वाढते. तिला रसायनांऐवजी नैसर्गिक घटकांनी आवर घालण्याचे काम करणारी माणसे आता लागत आहेत. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या, पण ‘नीट’पलीकडे काय असा प्रश्न पडलेल्या मुलांनी इकडे जरूर पाहावे.

नेमके काम काय?

नैसर्गिक उपाय अनेक आहेत. शेतकरी बीजप्रक्रियेला वापरतात ती ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशीच. ती रोगकारक बुरशीची जागा आणि अन्न बळकावते. ओव्यातील थायमॉल आणि लवंगेतील युजेनॉल बुरशीची वाढ रोखतात. ॲस्परजिलसचेच विष न बनवणारे वाण शेतात सोडून विषारी वाणांना हुसकावण्याची पद्धत अमेरिका आणि आफ्रिकेत रुळली आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये सहकारी संस्थांसह भुईमुगावरील संशोधन मांडले. त्यात लसूणघासाच्या कुळातील वनस्पतींची बुरशीरोधक प्रथिने बनवणारी जनुके भुईमुगात घातली होती.

खरी कसोटी पुढे असते. पेट्री डिशमध्ये बुरशी थांबवणारे ओव्याचे किंवा लवंगेचे तेल गोदामात उडून जाते किंवा दाण्याला वास लावते. बुरशी मेली तरी आधी तयार झालेले विष दाण्यात राहते आणि भाजल्यानेही ते पुरते जात नाही. शिवाय विष मालात सारखे पसरलेले नसते. मूठभर दाण्यांमुळे अख्खा लॉट नापास होऊ शकतो. आपल्याकडे थेट खाण्याच्या शेंगदाण्यांसाठी अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे, तर युरोपात ४. म्हणजे उपाय शोधणाऱ्याइतकीच गरज आहे तो खरोखर चालतो हे मोजून दाखवणाऱ्याची. नोकऱ्याही बऱ्याचशा या मोजण्याच्या बाजूला आहेत.

वाटा तीन

शेतात रमणाऱ्यांसाठी बीएस्सी ॲग्री आणि पुढे वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी. राज्यातील राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली विद्यापीठांच्या महाविद्यालयांत एमएचटी-सीईटीतून प्रवेश मिळतो. हैदराबादच्या राजेंद्रनगरमधील कृषी विद्यापीठासारख्या परराज्यांतल्या जागांसाठी सीयूईटीमार्फत अखिल भारतीय कोटा असतो.

प्रयोगशाळा आवडणाऱ्यांनी सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी करावे. एचपीएलसी आणि एलायझा ही तपासणीची तंत्रे हाताखालून गेलेली असतील, तर अन्न तपासणी प्रयोगशाळा, निर्यातदार आणि अन्नप्रक्रिया उद्योग अशी दारे उघडतात. तिसरी वाट अन्न तंत्रज्ञानाच्या बीटेकची. तिचा भर साठवण, वाळवणी आणि गुणवत्ता नियंत्रणावर असतो.

हैदराबादचा उपयोग कसा करावा?

इक्रिसॅट हे पदवी देणारे कॉलेज नाही. आपल्या विद्यापीठात नाव घालून एमएस्सी किंवा पीएचडीचा प्रबंध तिथे करता येतो. संधी मार्गदर्शकामार्फत शोधावी लागते. राजेंद्रनगरला भरडधान्य संशोधन संस्था आहे. पावसात बुरशीने काळ्या पडणाऱ्या खरीप ज्वारीचा प्रश्न विदर्भ-मराठवाड्यातील मुलांना वेगळा सांगायला नको. त्यावर तिथे काम चालते. वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेत जैविक नियंत्रणाची प्रशिक्षणे होतात. रसायनशास्त्राच्या मुलांसाठी शहरात भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे.

पालकांसाठी

‘पण पगार?’ हा प्रश्न रास्त आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट काढून जेआरएफ मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये पाठ्यवृत्ती आणि वर घरभाडे भत्ता आहे. मात्र शास्त्रज्ञ व्हायचे तर पीएचडीपर्यंतची वर्षे धरूनच चाला. घरची स्थिती तेवढे थांबू देणारी नसेल, तर एमएस्सीनंतर तपासणी क्षेत्रात उतरणे हा कमीपणा नव्हे.

जैविक कीडनाशकांच्या कंपन्यांतील पहिली नोकरी अनेकदा विक्रीची असते. मुलाखतीतच काम विचारून घ्या. अशी उत्पादने विकायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. त्यासाठी चाचण्यांची माहिती जमवणारी माणसेही याच कंपन्यांना हवी असतात.

कोर्सची फी भरण्याआधी दोन गोष्टी करा. सुट्टीत मुलाला जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तपासणी प्रयोगशाळेत परवानगी घेऊन एक दिवस बसवा. मग त्याला विचारा : एकच नमुना पुन्हा पुन्हा मोजायचा त्याला कंटाळा आला, की दोन आकडे वेगळे का आले याचा छडा लावावासा वाटला? दुसरे उत्तर मिळाले, तर निर्धास्तपणे अर्ज भरा.