संगणक बदला, पण खतावणी सांभाळा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा बंद केला. २०१५ साली आलेली ही प्रणाली आमच्या कापड लाइनीतील अनेक पेढ्यांवर अजून चालू आहे. बिले निघतात, टॅली उघडते, म्हणून मालक निश्चिंत असतात. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसलेल्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. तेव्हा विंडोज ११ वर जाणे बरे. मात्र आमची चिंता वेगळी आहे. संगणक दुरुस्त करणारा मुलगा येतो, "शेठ, फॉरमॅट मारतो, तासाभरात नवा करून देतो" म्हणतो, आणि त्या तासाभरात सहा वर्षांची उधारी पुसली जाऊ शकते.

व्यापारी बांधवांनी एवढे समजून घ्यावे की टॅली हा मुनीम आहे आणि डेटा म्हणजे वह्या. मुनीम दुसरा मिळतो, वह्या मिळत नाहीत. डेस्कटॉपवरचे टॅलीचे चित्र पेनड्राइव्हवर उतरवून "हिशोब घेतला" असे समजणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ते चित्र म्हणजे नुसती दारावरची पाटी. खरा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे, ते टॅलीतच 'डेटा पाथ' म्हणून दिसते. तेथून बॅकअप घ्यावा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर बहुधा सी ड्राइव्हवरच असतात. त्यातील कोटेशन, डिझाइनच्या फाइली, इनपेजमधला उर्दू मजकूर आणि त्याचे फॉन्ट विसरू नयेत.

प्रती दोन घ्याव्यात, एक दुकानात, एक घरी. पण प्रत घेतली म्हणजे काम झाले असे नाही. जुन्या यंत्रावरून येणेकरी, देणेकरी, शिल्लक माल आणि बँक शिल्लक यांचे कागद छापून घ्यावेत. मग तीच प्रत दुसऱ्या संगणकावर, टॅलीच्या त्याच आवृत्तीत रिस्टोअर करून आकडे कागदाशी जुळवावेत. पैशापैशाने जुळल्याशिवाय जुन्या यंत्राला कोणालाही हात लावू देऊ नये. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. अधिकाऱ्यापुढे "फॉरमॅटमध्ये गेला" ही सबब चालत नाही.

आता बदलण्याचे दोन रस्ते. यंत्र योग्य असेल तर विंडोज १० वरूनच ११ चढवता येते, फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. न जमल्यास साधारणपणे १० दिवसांच्या आत मागे फिरण्याची सोय असते. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' मोफत आहे, ते यंत्र चालेल की नाही ते सांगते. टीपीएम २.० नसलेली जुनी यंत्रे नापास होतात. ज्यांच्याकडे ३२-बिटचे विंडोज १० आहे त्यांना मात्र फॉरमॅटशिवाय गत्यंतर नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते. जुन्या डॉसमधला १६-बिटचा बिलाचा प्रोग्रॅम कोणी अजून वापरत असेल तर तोही त्यावर थेट चालणार नाही. असा डेटा आधी टॅलीत किंवा एक्सेलमध्ये आणून घ्यावा.

फॉरमॅट करायचेच असेल तर टॅलीचे लायसन्स आधी 'सरेंडर' करावे, नाहीतर नव्या यंत्रावर ते चालू करताना खोळंबा होतो. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचे खाते उघडले की डिस्कला आपोआप कुलूप लागू शकते. त्याची ४८ आकड्यांची किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. खाते मालकाच्या नावाने असावे, दुरुस्ती करणाऱ्या मुलाच्या ईमेलवर नव्हे. आमच्या बाजारात हा प्रकार फार चालतो.

ईदची किंवा लग्नसराईची गर्दी असताना हे काम काढू नये. दरमहा विवरण भरणाऱ्यांनी ११ आणि २० तारीख उलटू द्यावी, आणि जुना संगणक निदान एक पूर्ण महिना तसाच ठेवून मग विकावा.